फौजी घरांचा पोळा

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी अक्का वारली. मी शाळेत होतो. बोलवायला आले, तेव्हा फळ्यावर गणित लिहिणं चालू होतं. त्या दिवसापासून मी घरात एकटा राहतो.

आता पोळा आला आहे. सुतक फिटलं, तरी वर्षभर आमच्या घरी सण नाही, तळण नाही. मी माझ्यापुरती भाकर थापतो. ती कधी जाड होते, कधी फाटते. सांगणारं कुणी नाही म्हणून चालून जातं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानांनी हलक्या हाताने चोळायचं, आणि मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' काल मी ओट्यावर पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटत नव्हतं. घरोघरच्या गोठ्यांतून लोण्याचा, हळदीचा, चुरगळलेल्या पळसपानांचा वास येत होता. तेवढ्यात काशीबाई आली. कोपरापर्यंत हात हळदीने पिवळे, पदर खोचलेला.

"मास्तर, बैलाइले आवतन देल्लं, आता तुमाले देतो. उद्या दुपारी आमच्या घरी जेवाले या."

"यंदा आमच्याकडे सण नाही, काशीबाई."

"तुमच्या घरी नाई, आमच्या घरी हाये ना! सन काही उचलून आनत नाई मी इथं. तुमी तेवढे चालत या."

ती गेली, आणि लढाईच्या दिवसांतला तो पोळा, अक्काचा पोळा, माझ्यासमोर येऊन बसला. कालपासून तो उठायला तयार नाही.

आमचं गाव मालेगावाहून शिरपूरकडे जाणाऱ्या वाटेवर, नाल्याच्या अंगाने वसलेलं. लढाई फार लांब चालली होती. शिरपूरच्या यात्रेकरूंच्या तोंडून किंवा दोन दिवस शिळ्या वर्तमानपत्रातून ती गावात यायची. पण तिने गावातली माणसं नेली होती. पाच-सहा घरचे गडी फौजेत होते. कुणी पोटासाठी गेला, कुणी भावाशी भांडून. काशीबाईचा नवरा सुखदेव मात्र कौतुकासाठी गेला. मालेगावच्या बाजारात भरतीवाल्याने त्याची छाती मोजली आणि पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हटलं. जन्मात त्याला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. तो बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हाती घरी पाठवून तिकडूनच निघून गेला. काशीबाई पुढे कितीतरी दिवस म्हणायची, "माय व, मले मालूम असतं तं मीच म्हनलं असतं रोज, शाब्बास म्हनून. का लागते त्याले?"

फौजेतून आलेली पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. सुखदेवचं पत्र आलं की काशीबाई आमच्या ओट्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसायची. पत्रात चांद्या कसा आहे, बगळ्याच्या खुराला लागलं होतं ते बरं झालं का, दोघांना सरकी मिळते का, अशी चौकशी असायची. चांद्या आणि बगळ्या हे त्याचे बैल. दोघेही पांढरे, एकाच उंचीचे, एकाच वळणाच्या शिंगांचे.

"अन् मायाबद्दल का लिवलं?" काशीबाई विचारायची.

मी पत्राचा शेवट वाचायचो. "'घरच्या सर्वांना रामराम.'"

"हा! बैलाइले नावानिशी, अन् मी सर्वाइत!"

अक्का आतून हसायची. तिचं हसू आधी यायचं आणि ती मागून. अक्का माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. लवकर विधवा होऊन ती माहेरी परत आली, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी वाचत बसायचो, ती बोलत असायची, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. गावात कुणाकडे बाळंतपण असो, कुणाचा बैल हरवो, अक्काला आधी कळायचं. तिला तसं बाहेर हिंडताना पाहून पहिल्यांदा लोक कुजबुजले. मग त्यांच्याच घरी तिची गरज पडली आणि कुजबूज बंद झाली.

त्या वर्षी नागपंचमी झाली आणि अक्काने जेवता जेवता मला विचारलं, "फौजेतल्याच्या घरी पोळा कोन करन रे?"

मी म्हटलं, "भाऊबंद करतात."

"करतात," अक्का म्हणाली. तिच्या त्या एका शब्दात बराच अर्थ होता.

तो अर्थ असा होता. आमच्या गावात एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळत. पोळ्याला ज्याच्या हातात बैलांचा कासरा, त्या वर्षी त्या बैलांची आणि त्या वावराची वहिती, म्हणजे कसायचा हक्क, त्याचा. शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं असेल तरी गावासमोर ते असंच ठरायचं. आदल्या वर्षी सुखदेव नव्हता म्हणून त्याचा चुलतभाऊ दगडू याने चांद्या-बगळ्याला तोरणाखाली नेलं होतं. दगडू वाईट माणूस नव्हता. हसरा, अंगाने आडवा, दुसऱ्याचं काम अंगावर घेणारा. पण अंगावर घेतलेलं काम त्याच्या अंगाला चिकटून राहायचं. त्या वर्षी सुखदेवचं वावर त्याने पेरलं, त्यानेच सोंगलं, आणि ज्वारीची कणसं आली तीही त्याच्याच खळ्यात. काशीबाईने विचारलं तर म्हणाला, "वयनी, तुमचं का अन् आमचं का! लागन तेवढी न्या."

लागेल तेवढी न्यायला तिला त्याच्या दारात जावं लागलं, हे तिच्या मनात राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात तिने कुणाला न विचारता चांद्या-बगळ्याला जुंपलं आणि स्वतः वखर धरला. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. बायका जास्त हसल्या. पावसाळ्यात उभ्या पिकातली डवरणीही तिनेच केली. पण पोळा जवळ आला तशी ती गप्प झाली. एके दिवशी आमच्या चुलीसमोर बसून म्हणाली, "अक्का, यंदा बी कासरा दगडूभावजीच्या हाती गेला, तं मंग तो माया हाती येत नाई. अन् हा मानूस वापस आला तं कोनाच्या वावरात उतरन?"

अक्काने कढईतलं हलवणं थांबवलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिची 'पोळ्याची मंडळी' तयार झाली.

मंडळी म्हणजे अक्का, मी, शिंप्याच्या घरच्या दोन जावा आणि हवालदार. हवालदार आधीच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, एका पायाने लंगडत परतलेले. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. घर एकट्याचं, वावर नाही, बैल नाहीत. त्यामुळे पोळ्याच्या दिवशी ते दार लावून बसत. गावालाही त्याची सवय झाली होती. अक्का मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि बैलांना सांगतात त्याच सुरात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

हवालदार चिडले. "मले बैल समजतं का बाई?"

"सरकारनं जुंपलं, अन् पाय मोडल्यावर सोडून देल्लं. मंग का समजू?"

मी मागे उभा होतो, मला वाटलं आता काठी उगारतात. पण हवालदार इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते खाकी कोट घालून आमच्या दारात हजर झाले. कोटाची एकच गुंडी शिल्लक होती, ती चकचकत होती.

त्या दिवसाचे वास आणि आवाज अजून माझ्याजवळ आहेत. नाल्याच्या पाण्यात उभे केलेले बैल, त्यांच्या पाठीवरून निथळणारं मातकट पाणी, ओल्या कातड्याचा उबदार वास. मी बैल धूत होतो म्हणण्यापेक्षा बैल मला धूत होते. एकाने शेपटी झटकली की माझा चष्मा पाण्यात, आणि चष्मा शोधायला वाकलो की दुसऱ्याची शेपटी. काठावर हवालदार काठी टेकून ओरडत होते, "बैल लोग, सावधान! मास्तर, तुम भी सावधान!"

लढाईमुळे बाजारात बेगड मिळत नव्हती, रंग मिळत नव्हता. शिंप्याच्या जावांनी जुनेर लुगड्यांच्या झुली शिवल्या. शिंगांना अक्काने गेरू लावला, आणि गेरू संपल्यावर कपड्यांची नीळ. त्यामुळे फौजी घरांच्या बैलांची शिंगं त्या वर्षी अर्धी तांबडी, अर्धी निळी होती. गावातल्या कुणाचेच बैल तसे नव्हते. पुरणाला गूळही तोळामासाच. एका घरचा गूळ, दुसऱ्या घरची डाळ, तिसऱ्या घरचं पीठ, आणि सगळ्यांचं पुरण आमच्या पाट्यावर. अक्का वाटता वाटता चव घेऊन म्हणायची, "गोड नाई झालं, पन वास तं पोळ्याचाच हाये."

दुपारनंतर सगळे आखरावर जमले. आखर म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, तिथेच आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याच्याखालून बैल जातात. आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस थांबून बघत होता. बायका देवळाच्या ओट्यावर आरतीची ताटं घेऊन उभ्या. बाईने पोळ्यात कासरा धरायचा नाही, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. ते कुणाला सुचलंच नव्हतं. डफडं वाजत होतं आणि एक गडी कानावर हात ठेवून झडती, पोळ्याचं खोचक गाणं, म्हणत होता:

"लढाईनं नेला गूळ, कंट्रोलनं नेली साखर,
बैलाले म्हने पाटील, खाय नुसती भाकर!"

'हर हर महादेव'चा गजर झाला, आणि सगळ्यात मोठ्याने पाटीलच हसले. पाटील वयस्क, जाड मिशांचे, भांडण दिसलं की ते मिटायच्या आधी जेवायची वेळ होईल या काळजीत असणारे.

फौजी घरांचे बैल आम्ही एकेक करून आखरावर आणले. बाकी घरांचं ठरलेलं होतं, कुणाचा बाप होता, कुणाचा दीर. चांद्या-बगळ्याला अक्काने स्वतः एका दाव्याने गळ्याशी जोडलं आणि कासरा हवालदारांच्या हातात दिला. हाच तिचा बेत होता. हवालदारांना ना वावर हवं होतं ना वहिती. त्यांनी सुखदेवच्या नावाने कासरा धरला की रीतही राहिली आणि काशीबाईचं वावरही.

दगडू पुढे आला. नवं धोतर, कपाळाला गुलाल. "हवालदारसाहेब, द्या इकडं. मी हाओ ना घरचा."

"मैं सुखदेव का नौकरीवाला भाई हूँ," हवालदार म्हणाले. "त्यानं बी सरकारची रोटी खाल्ली, म्या बी."

"रोटी खाऊन कोनी भाऊ होत असते का? मंग मालेगावच्या खानावळीत माये किती भाऊ हायेत!"

लोक हसले. हवालदारही ओठ दाबून हसले, पण त्यांनी कासरा सोडला नाही. सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, आभाळाकडे पाहिलं. "हवालदार, तुमचा मान हाये. पन पोळ्याले घरचाच मानूस पायजे. दगडूले धरू द्या. पानी येऊन राह्यलं."

मी ओट्याकडे पाहिलं. काशीबाईच्या हातातलं ताट थोडं कलतं झालं होतं, त्यातलं कुंकू एका बाजूला सांडत होतं, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दगडूने कासरा घेतला, ओढला. बैल हलले नाहीत. त्याने टाळी वाजवली, 'हैक' केलं. चांद्याने मान उजवीकडे ओढली, बगळ्याने डावीकडे, दोघांची निळी-तांबडी शिंगं एकमेकांत अडकली आणि दोघे समोरासमोर तोंडं करून उभे राहिले, जणू रस्त्यात भेटलेले सोयरे. दगडूने मागून ढकललं. बगळ्या शांतपणे शेणला. नव्या धोतरावर.

"दगड्या, रुसले ते!" कुणीतरी ओरडलं. "त्याइले रामराम घाल!"

"द्या, मी पाहतो," म्हणत हवालदारांनी कासरा पुन्हा घेतला आणि दणक्यात हुकूम सोडला, "दाहिने मुड!" बैल तिथेच. मागच्या जोड्या खोळंबल्या, डफडं थांबलं, पाटलांनी पुन्हा आभाळाकडे पाहिलं.

तेव्हा ओट्यावरून काशीबाईचा आवाज आला. तो रागाचा नव्हता, त्यात हसू अडवलेलं होतं. "अव अक्का! तुमी त्याइले उलटे जोडले! चांद्या उजव्या अंगाचा हाये, डाव्या नाई! जनमभर तो उजवीकडं चालला!"

ताट शेजारणीच्या हातात देऊन ती खाली उतरली. माणसांनी वाट दिली, कारण बैल अडलेले होते आणि सोडवणारी येत होती. त्या क्षणी त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. तिने दावं सोडलं, अडकलेली शिंगं हाताने मोकळी केली, चांद्याला उजवीकडे घेतलं, बगळ्याला डावीकडे, पुन्हा जोडलं. "चाल रे माया राजा," एवढंच म्हणाली. कासरा तिच्या हातात होता. बैल चालू लागले. ती थांबवायला गेली असती तरी ते थांबले नसते, सबंध उन्हाळा त्यांनी तिच्याच आवाजावर पावलं टाकली होती. बैल निघालेले पाहून डफडेवाल्याने सवयीने थाप मारली. कुणीतरी सवयीने 'हर हर महादेव' म्हटलं. आणि तोरणाखालून चांद्या, बगळ्या आणि काशीबाई पलीकडे गेली.

मग कुठे गावाच्या लक्षात आलं काय झालं ते.

दगडू धोतर झटकत उभा होता. "पाटील, हे का झालं? बाईच्या हाती कासरा?"

पाटलांच्या कपाळावर पावसाचा पहिला थेंब पडला होता. ते म्हणाले, "तुह्या हाती होता, बे. बैल गेले का?"

तेवढ्यावर त्या वर्षीची वहिती ठरली. दगडू आठवडाभर काशीबाईच्या दारावरून न बोलता गेला. नंतर त्याचा वखर मोडला, आणि तो मागायला तिच्याचकडे आला. काशीबाईने दिला. देताना म्हणाली, "लागन तेवढे दिवस न्या, भावजी." अक्का हे गावभर सांगत फिरली.

त्या संध्याकाळी हवालदार आमच्याकडे जेवले. कमी गोड पुरणाच्या पोळ्या त्यांनी इतक्या खाल्ल्या की अक्काने स्वतःसाठी पिठलं टाकलं. जेवून उठताना ते म्हणाले, "बाई, फौजेत असा घोटाळा केला असता तं मी तुमाले कोर्टापुढं उभं केलं असतं. जोडीचा डावा-उजवा नाई समजला!"

अक्का म्हणाली, "आता बाईमानसाले का समजते?"

मी हातातला पेला खाली ठेवला. आमच्या वडिलांची तीस एकरांची शेती होती. अक्का लहानपणी गाडीच्या साटीवर बसून वडिलांबरोबर बाजाराला जायची. अंधारात हात लावून कोणता बैल कोणत्या अंगाचा ते सांगायची, हे वडिलांनीच मला कितीदा सांगितलेलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती ताटं उचलत होती.

नंतर मी तिला विचारलं. एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक पोळ्याला विचारायचो. कधी ती म्हणायची, "हात चुकते कधी कधी." कधी म्हणायची, "तू पुस्तकात पाह्य ना, लिवलं असन." शेवटच्या दुखण्यात वेळ होता, ती बोलतही होती, पण तेव्हा मी औषधाचं आणि पाण्याचंच विचारत राहिलो. तिला आठवण करून दिली असती तर ती हसली असती. नसतंच सांगितलं तिने, पण हसली असती.

पुस्तकांत मी शोकाबद्दल खूप वाचलं होतं. त्यात दुःख नेहमी गंभीर चेहऱ्याने येतं. माझ्याकडे ते तसं येत नाही. मी भाकर थापायला बसतो, आणि दगडूचं नवं धोतर आठवतं, आणि एकटाच हसतो, आणि मग कळतं की हे हसू वाटून घेणारं माणूस नाही. तेव्हा तव्यावरची भाकर करपते.

आज दुपारी मी काशीबाईकडे गेलो. सुखदेव लढाई संपल्यावर परत आला आहे. तोफांच्या जवळ राहून त्याचे कान गेले. मोठ्याने बोलावं लागतं, आणि तोही मोठ्याने बोलतो. त्याने मला पाटावर बसवलं. परत आल्यावरच्या पहिल्या पोळ्याला गावाने कासरा त्याच्या हातात देऊ केला, तेव्हाचं त्याचं बोलणं त्याने आज पुन्हा ओरडून सांगितलं. "म्या म्हनलं, कासरा तिच्याच हाती राहू द्या! बैल तिचं आयकतात! मले तं थेही आयकू येत नाई!"

"सगळं आयकू येते त्याले," काशीबाई पोळी वाढत म्हणाली. "काम सांगतलं तेवढं नाई येत."

"का म्हनते?" सुखदेवने मला विचारलं.

मी त्याच्या कानाशी ओरडलो, "शाब्बास म्हणते!"

तो लाजला. काशीबाई पदराआड हसली. अक्का गेल्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवलो. यंदा गूळ भरपूर होता.

मग आम्ही आखरावर गेलो. तोरणाखालून जाणाऱ्या जोड्यांत काशीबाईशिवाय आणखी दोन बायका कासरा धरून होत्या. एक विधवा, दुसरीचा नवरा मुंबईला गिरणीत. कुणी काही म्हटलं नाही. हवालदार मागच्या हिवाळ्यात वारले. दगडू माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पूर्ण वेळ तो तसाच राहू दिला.

अक्का नाही. काशीबाईचं वावर काशीबाई वाहते. सणासुदीला मला जेवायला बोलावणारी घरं या गावात पाच-सहा आहेत.